ठोसा एकाचा, जबाबदारी किती जणांची?

मेलबर्न,
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रिय नंदा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. तुझ्या भाच्याने तुला तो 2018 चा ठोशाचा व्हिडिओ दाखवला, आणि तू एवढी चिडलीस की एका दमात तीन प्रश्न विचारलेस. ठोसा मारणाऱ्याला लगेच बाहेर का काढलं नाही? त्याच्या कोचला कुणी जाब विचारला का? आणि असला खेळ तू तुझ्या लेकीला, ओवीला, खेळायला कसा देतेस? फोनवर बोलायला गेले तर आपण नेहमीसारख्या कोल्हापूरच्या गप्पांत शिरू, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी या ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल थोडं. आपल्या क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर दोन्हीकडचे अठरा-अठरा खेळाडू. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे धक्का समोरून, बाजूने, मागून, कुठूनही येतो. बहुतेकांच्या अंगावर संरक्षण म्हणजे फक्त दातांचा माउथगार्ड. चेंडूसाठी खांद्याने, कमरेने दिलेली धडक नियमात बसते आणि लोकांना आवडतेही. मलाही आवडते, खरं सांगते. एका बाजूला ही धडक आणि दुसऱ्या बाजूला चेंडू लांब असताना मारलेला ठोसा, या दोहोंमधली सीमा कोण राखतं, हाच तुझ्या तिन्ही प्रश्नांचा गाभा आहे.

तू पाहिलेला सामना पर्थचा. वेस्ट कोस्ट ईगल्स विरुद्ध फ्रीमँटल, म्हणजे एकाच शहरातलं वैर. चेंडू दुसरीकडे होता आणि ईगल्सच्या अँड्रू गॅफने फ्रीमँटलच्या अँड्रू ब्रेशॉला ठोसा मारला. ब्रेशॉ अठरा वर्षांचा पोरगा. जबडा मोडला, दात हलले. गॅफची तोवरची ख्याती सज्जन खेळाडूची. मला छातीवर मारायचं होतं, असं तो म्हणाला, रडला, माफी मागितली. लीगच्या ट्रायब्युनलने त्याला आठ सामन्यांची बंदी घातली. त्याच वर्षी ईगल्सने अंतिम सामना पाच गुणांनी जिंकला, आणि गॅफ त्यात नव्हता.

आता तुझा पहिला प्रश्न. एएफएल या इथल्या राष्ट्रीय लीगमध्ये लाल कार्ड नाही. तू पंचगिरी करतेस त्या कबड्डीत पंचाकडे हिरवं, पिवळं, लाल अशी तिन्ही कार्डं असतात. एएफएलमध्ये पंच फक्त तक्रार नोंदवतो आणि निकाल आठवड्याभरात लागतो. म्हणून जबडा मोडलेला मुलगा दवाखान्यात आणि मोडणारा मैदानात, असं दृश्य तुला दिसलं. अनेक स्थानिक लीगमध्ये मात्र कार्डं आहेत. शनिवारी गावच्या मैदानावर हौसेने शिट्टी वाजवणाऱ्या पंचाला जो अधिकार आहे, तो सगळ्यात मोठ्या सामन्याच्या पंचाला नाही. मला हे अजिबात पटत नाही.

ठोशांचा इतिहास जुना आहे. 1985 मध्ये हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजने जिलाँगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा असाच चेंडूपासून दूर मोडला. लीगने त्याची नोंदणी चार आठवड्यांसाठी रद्द केली. शिवाय पोलिसांनी खटला भरला, मारहाणीबद्दल तो दोषी ठरला आणि एक हजार डॉलर दंड झाला. पुढे अपिलात दोषसिद्धी रद्द होऊन चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो सुटला. त्यानंतर तो कॉलिंगवुडचा आणि ब्रिस्बेनचा विजेता प्रशिक्षक झाला, या खेळातला एक अतिशय आदरणीय माणूस झाला. खेळाडू आपल्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मत देऊन जो करंडक देतात, त्याला मॅथ्यूजचंच नाव आहे. आणि 2022 मध्ये तो कुणाला मिळाला, माहीत आहे? अँड्रू ब्रेशॉला. अठराव्या वर्षी जबडा मोडलेल्या मुलाच्या हातात, एकेकाळी दुसऱ्याचा जबडा मोडणाऱ्याच्या नावाचा करंडक. मॅथ्यूजच्या महानतेबद्दल वाद नाही. पण ती सांगताना ब्रन्सचं नाव कितीदा निघतं, याचा विचार मी तो करंडक दिला त्या दिवशी खूप केला.

माझं मत सरळ आहे, नंदा. हात ज्याचा, पहिली जबाबदारी त्याची, आणि ती पूर्ण. "रक्त तापलं होतं" हे कारण मी मानत नाही. तोच खेळाडू त्याच सामन्यात चेंडू हातात असताना क्षणार्धात नेमका निर्णय घेतो, सहकारी हेरतो, पंचाचा हात पाहून थांबतो. एवढा ताबा असणाऱ्याला मूठ आवळतानाच ताबा नव्हता, असं कसं म्हणायचं? पण एकाची जबाबदारी पूर्ण असली म्हणून बाकीचे सुटत नाहीत. ज्याला जिथे थांबवणं शक्य होतं, त्याच्यावर तिथली जबाबदारी येतेच, आणि ती आल्याने मारणाऱ्याची रतीभरही कमी होत नाही.

कोच आणि क्लबचं बघ. 2004 मध्ये हॉथॉर्न आणि एसेंडनच्या सामन्यात मोठी हाणामारी झाली. हॉथॉर्नच्या खेळाडूंना आता एक रेघ ओढायला हवी, मागे हटायचं नाही, असं क्लबचा जुना दिग्गज डर्मट ब्रेरटन याने सांगितलं होतं. आजही तो सामना त्या रेघेच्याच नावाने ओळखला जातो. बंदी आणि दंड मात्र मैदानात भिडलेल्यांना झाले. शब्दांना शिक्षा कशी द्यायची हा कठीण प्रश्न आहे, हे मी जाणते. तरी कायद्याने एकदा त्या दिशेला पाऊल टाकलं आहे. रग्बी लीगमध्ये, पुन्हा 1985 मध्येच, कँटरबरी-बँक्सटाउनच्या मार्क बग्डेनने स्टीव्ह रॉजर्सचा जबडा मोडला. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने 1993 मध्ये खेळाडूबरोबर त्याच्या क्लबलाही नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरलं. पगार देऊन खेळवता, चेतवून मैदानात सोडता, तर त्या चेतण्याचा परिणामही तुमच्या पदरात येणार. मला हा न्याय योग्य वाटतो.

पर्थच्या त्या दुपारबद्दल मला सगळ्यात जास्त काय बोचतं, सांगू? लाल कार्ड नव्हतं हे खरं, पण गॅफला बाकावर बसवायला क्लबला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. या खेळात सामना चालू असताना खेळाडू सतत बदलतात. त्याच्याच कोचने, त्याच्याच कप्तानाने "तू आता बाहेर" असं म्हटलं असतं, तर सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या पोरांना जे कळलं असतं, ते आठ सामन्यांच्या बंदीने कळलं नाही.

आता लीग. तिच्यावर माझा राग जास्त आहे, कारण ताकद तिच्याकडे जास्त. चेंडूपासून दूर मारलेले ठोसे पूर्वीच्या मानाने आज फार कमी दिसतात. खेळाडू एकाएकी साधुसंत झाले नाहीत. कॅमेरे वाढले, चित्रफीत पाहून कारवाई होऊ लागली, कृती मुद्दाम की निष्काळजीपणे, मार डोक्याला की अंगाला, आघात किती जोराचा, हे तपासून शिक्षा ठरू लागली. म्हणजे नियम बदलले की वागणं बदलतं, हे लीगनेच सिद्ध करून दाखवलं. मग "खेळच असा आहे" हे वाक्य तिच्या तोंडी शोभत नाही.

याच ब्रेशॉ घरातली दुसरी गोष्ट सांगते. अँड्रूचा मोठा भाऊ अँगस मेलबर्नकडून खेळायचा. 2023 च्या बाद फेरीत, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर, कॉलिंगवुडचा ब्रेडन मेनार्ड त्याची किक अडवायला उंच उडाला आणि खाली येताना त्याचा खांदा अँगसच्या डोक्यावर आदळला. अँगस बेशुद्ध. मेनार्ड चेंडूसाठीच उडाला होता, ट्रायब्युनलने त्याला निर्दोष सोडलं. डोक्याला आधीही मार बसलेल्या अँगसने फेब्रुवारी 2024 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, निवृत्ती घेतली. मग लीगने नियम कडक केला: किक अडवायला उडी मारणाऱ्याने समोरच्याच्या सुरक्षिततेचा विचार केलाच पाहिजे. एक भाऊ ठोशाने, दुसरा नियमात बसणाऱ्या उडीने जायबंदी. पहिल्यात हेतू होता, म्हणून बोट खेळाडूकडे जातं. दुसऱ्यात हेतू नव्हता, म्हणून नियम करणाऱ्यांकडे गेलं पाहिजे.

ही काळजी वरवरची नाही गं. पॉली फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक, हे तिघेही मोठे खेळाडू. मृत्यूनंतर तिघांच्याही मेंदूत सीटीई सापडला, डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे होणारा आजार. महिलांच्या लीगमध्ये खेळलेल्या हेदर अँडरसनच्याही मेंदूत सापडला. 2023 पासून जुन्या खेळाडूंच्या वतीने लीगविरुद्ध व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात सामूहिक दावा चालू आहे.

उरलो आपण प्रेक्षक. 1989 च्या अंतिम सामन्यात पहिल्याच क्षणी त्याच ब्रेरटनला जिलाँगच्या मार्क येट्सने जबर धडक दिली. बरगड्या मोडलेल्या ब्रेरटनने उठून गोल मारला. अंतिम सामन्यांचा सप्टेंबर आला की ही कथा हमखास निघते. त्याच्या हिमतीला माझाही सलाम. पण आपण मार खाऊन उठण्याची गाणी गातो, तेव्हा मार देण्यालाही त्या गाण्यात जागा मिळते. स्टँडमधून "घाल त्याला!" म्हणून ओरडणारा माणूस घरी निवांत झोपतो. त्याची जबाबदारी कुठलंही न्यायालय मोजणार नाही, म्हणून ती त्यानेच मोजायला हवी.

आणि ओवी. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तिच्या मैदानावर शोधते. याच मोसमात तिच्या संघातल्या सगळ्यात तेज मुलीने चिडून समोरच्या मुलीच्या तोंडावर कोपर मारलं. पंच म्हणून उभा असलेला शाळकरी मुलगा दुसरीकडे बघत होता. त्याला काहीच दिसलं नाही. आमच्या कोचबाईंना दिसलं. आम्ही मागे होतो, ती मुलगी असती तर कदाचित जिंकलो असतो. बाईंनी तिला तिथल्या तिथे बाहेर बोलावलं, उरलेला सामना बसवलं, आणि संपल्यावर दुसऱ्या संघाकडे घेऊन जाऊन माफी मागायला लावली. कुंपणाला टेकून उभे असलेले दोन-तीन पालक कुरकुरले. बाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. अशी बाई बाकाजवळ उभी असेपर्यंत ओवी खेळेल. नसेल, तर मी स्वतः तिचे बूट उचलून घरी आणीन.

म्हणून मला दोन गोष्टी हव्यात: सर्वोच्च लीगमध्ये लाल कार्ड, आणि ते येईपर्यंत स्वतःच्या खेळाडूला बाहेर काढायची धमक असलेला कोच. पहिली आणणं लीगच्या हातात आहे. दुसरीला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

तू इतकी वर्षं पंचगिरी करतेस. लाल कार्ड दाखवल्यावर खेळाडू खरंच बदलतो का, की फक्त तो सामना वाचतो? आणि स्वतःच्या खेळाडूला आपणहून बसवणारे कोच तुला सांगली-इचलकरंजीकडे भेटलेत का? आमच्या क्लबच्या पालकसभेत मला हा विषय काढायचाय, तुझ्या अनुभवाचा मोठा आधार होईल. नीट आठवून लिही.

काकूंना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. त्याला म्हणावं, तो व्हिडिओ पाहिलास तसा ब्रेशॉचा 2022 चा खेळही बघ. त्या पोराने जबडा जोडून घेऊन पुढे काय केलं, तेही त्याला कळू दे.

तुझीच,
शुभदा