गिलाव्यावरची पाटी

वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची असं राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं. आमच्या वडगाव निंबाळकरातल्या वस्तीनं नव्या नावाची पाटी करून आणली. पत्र्याची, लोखंडी चौकटीची, सात-आठ किलोची. समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर भाच्यानं दोन इंची खिळा ठोकला. मी बोटानं हलवला. हलला.

"बसलाय की मामा!"

"गिलाव्यात बसलाय. भितीत न्हाई."

गिलावा म्हणजे भिंत नव्हे. भिंतीच्या अंगावरचा पाऊण इंच सदरा. आत विटा, आणि जुन्या बांधकामात विटांमध्ये नुसती माती. ठोकलं की गिलावा सुटतो. बोटाच्या पेरानं वाजवून बघा, सुटलेला पोकळ बोलतो. वजन विटेनं घ्यायचं असतं.

आमचा बाप गवंड्याच्या हाताखाली होता. छिन्नीनं भोक पाडायचा, आत रुंद, तोंडाशी अरुंद. त्यात लाकडी गिट्टी सिमेंटनं बसवायचा. आता नायलॉनची मिळते. ती जर्मनीच्या आर्तुर फिशरनं १९५८ साली काढली. त्याच साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतनं रद्द करायचा कायदा झाला. दोन्हींचा संबंध काही नाही, पण मला ती एकदमच आठवतात. गावकुसाची डागडुजी महारकीतच होती ना! भिंती लिंपायच्या आम्ही, आणि राहायचं कुसाबाहेर.

तर पाटी. इकडं पाऊस थोडा, पण आषाढातला वारा पत्रे उडवतो. पाटी वाऱ्यानं पडली तरी वाऱ्यानं पडली असं कोण म्हणणार? आमची पोरं म्हणतील, पाडली. पलीकडची म्हणतील, बरं झालं. मग पोलिसांची गाडी, आणि आत कोण जातं ते काय सांगायचं!

म्हणून ड्रिल मागून आणलं. आठ मिलीमीटरचं पातं, भोक तीन इंच. दोन इंची गिट्टी गिलावा ओलांडून पुरती विटेत गेली पाहिजे. आतली भुकटी फुंकून काढली, नाहीतर गिट्टी फिरते. स्क्रू स्टेनलेसचे घेतले. साधा गंजतो आणि नावावर तांबडा ओघळ उतरतो. भोकाच्या तोंडाला सिलिकॉन भरलं, म्हणजे पाणी मुरून माती भिजत नाही.

तिसऱ्या भोकातून तांबडी भुकटी यायची थांबली, मातकट आली. सांधा लागला होता. भाचा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तिघांवर ऱ्हाईल."

म्हटलं, "न्हाई. चारच पायजेत."

दोन बोटं वर सरकून वीट धरली. पाटीच्या चौकटीला तिथं नवं भोक पाडलं. चुकलेलं सिमेंटनं बुजवलं. मग भाच्याला पाटीला लोंबकळायला सांगितलं.