मूळव्याध नव्हतीच!

तीन महिने मी ऑफिसात उभा राहून कोड लिहायचो. टीमला सांगितलं, पाठ दुखतेय. साफ खोटं!

रोज सकाळी संडासात काच कापल्यासारखी कळ, मग दोन तास ठणका. वर लालभडक रक्त. मी स्वतःच 'मूळव्याध' ठरवून मेडिकलमधून मलम आणलं. दुखेल म्हणून जायचं टाळायचो. मग आणखी खडा, पुन्हा चीर... इन्फायनाइट लूपच. रात्री कॅन्सरचे विचार यायचे, पण बायकोला सांगायची लाज वाटायची.

शेवटी रक्त तिलाच दिसलं. ती एवढंच म्हणाली, "एकटाच घाबरत बसलास?" दुसऱ्या दिवशी सर्जनकडे.

मूळव्याध नाही, फिशर. म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक अस्तराला पडलेली चीर. दुखलं की आतला स्नायू आवळतो, रक्तपुरवठा घटतो आणि चीर भरत नाही. औषधं साधीच: रात्री इसबगोल, भरपूर पाणी, दिवसातून दोनतीनदा 10-15 मिनिटं टबात कोमट पाण्यात बसणं, आणि स्नायू सैल करायला 2 टक्के डिल्टियाझेमचं मलम. नाहीच भरली तर छोटं ऑपरेशन. माझी आठ आठवड्यांत भरली. इसबगोल मात्र चालू आहे.

मंडळी, रक्त दिसलं तर स्वतः निदान करू नका, दाखवा.

परवा शेजारच्या डेस्कवरचा मित्र सारखा एका कुशीवर कलून बसलेला दिसला. त्याला चहाला नेलं आणि आधी माझंच सांगितलं. तो चहा संपेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "डॉक्टरचा नंबर दे."