चुना, गिनती आणि सद्वर्तन

परंदवडीच्या माणसाला फौज परकी नाही. लोकलने पुण्याकडे निघावे तर देहूरोडची छावणी लागते. घाटाकडे जावे तर लोणावळ्याला १९४५ पासून नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ उभी आहे. शाळकरी वयात या दोहोंकडे पाहून शिस्तीची जी मूर्ती आम्ही मनात बसवली होती, ती भरती झाल्यावर पंधरा दिवसही टिकली नाही. शिस्त होतीच, आणि कडक होती; पण तिच्या पोटात तेवढीच अस्सल खोडीही नांदत होती, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

सद्वर्तनाचा हिशेब फौजेत शाईने ठेवतात. लहान शिक्षेची नोंद काळ्या शाईने, मोठ्या शिक्षेची लाल शाईने. लाल नोंदी चार झाल्या की नोकरीच धोक्यात येते. उलट, पत्रक कोरे असेल तर निवृत्तीच्या वेळी पुस्तिकेत चारित्र्यापुढे ‘एक्झम्प्लरी’, म्हणजे अनुकरणीय, असा शेरा पडतो. दीर्घ सेवा व सद्वर्तन यांसाठी एक पदकही आहे. जुने शिपाई त्याला ‘न सापडलेल्या गुन्ह्यांचे बक्षीस’ म्हणतात. शाई फक्त सापडलेल्याची लागते, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त.

दुसरा सिद्धान्त आम्ही प्रशिक्षणात शिकलो: हलेल त्याला सलाम ठोकावा, हलणार नाही त्याला चुना लावावा. मोठ्या साहेबांची तपासणी आली की वाटेकडेचे दगड, झाडांचे बुंधे, विटांच्या कडा, सारे पांढरे आणि गेरूने लाल होई. मराठीत ‘चुना लावणे’ याला जो दुसरा अर्थ आहे, तो आमच्या बिहारी उस्तादांना ठाऊक नव्हता. म्हणून ‘आज साहेबांना कुठे कुठे चुना लावायचा?’ असे आम्ही अत्यंत आदराने विचारत असू, आणि ते समाधानाने मान डोलावीत.

यारोस्लाव हाशेकचा श्वेक हा साहित्यातला या पंथाचा आद्य पुरुष. १९२३ साली हाशेक गेला आणि कादंबरी अपुरी राहिली. पण तिचे मर्म पुरते कळते. आज्ञा अक्षरशः पाळली की तिच्याएवढी मोठी खोडी दुसरी नाही. आम्ही तेव्हा श्वेक वाचलेला नव्हता, तरी त्याच वाटेने चाललो होतो. ‘सकाळी मैदानावर एक वाळके पान दिसता कामा नये,’ असा हुकूम सुटला. झाडून काय उपयोग, पुन्हा पडणारच. तेव्हा आमच्यातले चौघे रात्री झाडावर चढले आणि उद्या पडणारी पाने आजच पाडून मोकळे झाले. सकाळी मैदान स्वच्छ होते. झाडे मात्र बोडकी होती.

सगळ्याच खोड्या पचत नसत. एकदा रजेवरून परतताना आम्ही काळ्या ट्रंकेतून मावळचा इंद्रायणी तांदूळ नेला. लंगरच्या भाताला कंटाळलेली दहा तोंडे बराकीत वाट पाहत होती. पण इंद्रायणीला वास असतो, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. भात रटरटू लागला आणि हवालदारसाहेब दारात उभे. ते काही बोलले नाहीत. मांडी घालून बसले, दोनदा भात घेतला, हात धुतले आणि म्हणाले, ‘खाना बढिया था। अब पिठ्ठू बाँधो।’ पाठीवर ओझे घेऊन आम्ही मैदानाला फेऱ्या मारल्या. पत्रकावर मात्र शाईचा थेंबही पडला नाही. त्या भल्या माणसाने वजन आमच्या पाठीवर ठेवले, नोकरीवर नाही.

आमच्या तुकडीत साताऱ्याकडचा एक गडी होता. संध्याकाळच्या गिनतीला कुणी वेळेत पोचला नाही, तर त्याच्या नावाला हा ‘हाजिर’ म्हणे. चार गैरहजर असले तर चार आवाजांत म्हणे. या कलेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पुढे काश्मीरात बर्फातल्या एका चौकीवर आम्ही दोघे पुन्हा एकत्र आलो. एका रात्री गस्त परतली. अंधार, वारा, चेहरे मफलरात गुंडाळलेले. गिनती झाली, सगळ्या नावांना उत्तरे आली. एवढ्यात हा गडी पुढे होऊन म्हणाला, ‘साहेब, एक हाजिर खोटा आहे.’ कुणीतरी, मागचा येतोच आहे अशा समजुतीने, जुन्या सवयीने उत्तर दिले होते. उसना आवाज इतरांना कळला नाही. ज्याने आयुष्यभर तेच केले त्याला कळला. तो दोर घेऊन तिघांसह मागे गेला. दोनेकशे पावलांवर तो जवान कमरेपर्यंत बर्फात रुतलेला सापडला.

शेकोटीपाशी आणल्यावर त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, ‘गिनती झाली का?’ आम्ही इतके हसलो की सुभेदारसाहेबांना ‘खामोश’ म्हणून ओरडावे लागले. ओरडताना ते स्वतः डोळे पुसत होते.