साभार परत

मराठी साहित्यव्यवहारात लेखक आणि संपादक यांच्यामध्ये मध्यस्थ असण्याची परंपरा जवळजवळ नाही. त्यामुळे नकार येतो तो थेट. पुष्कळदा लेखकाने स्वतःच पत्ता लिहून, तिकीट लावून सोबत धाडलेल्या पाकिटातून. ‘साभार परत’मधले आभार नेमके कशाचे, हा प्रश्न आपल्याच अक्षरातले असे पाकीट उघडणाऱ्यालाच पडतो.

पोलादपूरच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या आणि महाडात राहणाऱ्या एका शिक्षकांना असे पाकीट २००६ साली आले. आदल्या वर्षीच्या जुलैमधील महापुरावर त्यांनी कथा लिहिली होती. नकारासोबत संपादकांच्या चार ओळी होत्या : सावित्रीचे पाणी कथेत चढताना दिसते, माणसे मात्र दिसत नाहीत. ज्या तालुक्याने दासगाव, जुईच्या दरडींखालून माणसे उकरून काढली, तेथील लेखकाला हे कोणी दुरून सांगावे, याचा त्यांना संताप आला. कथा आणि पत्र, दोन्ही ट्रंकेत गेली.

महाडला नकाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्यावर जो नकार मोडला, तो माणसाच्या माणूसपणालाच दिलेला नकार होता. साहित्यातही प्रस्थापित अभिरुचीत न मावणाऱ्या अनुभवांसाठी गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारखे स्वतंत्र व्यासपीठ उभे राहावे लागले. अशा नकाराला संताप हेच उचित उत्तर. उलट १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना जी पत्रे लिहीत, त्यांतील नकार लेखकाला नसे, खर्ड्याला असे. तरीही त्याच ‘सत्यकथे’वर अनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी संकुचितपणाचा आरोप केला. दोन्ही नकारांचे पाकीट बाहेरून सारखेच दिसते, ही खरी अडचण.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पुन्हा बुडाले. ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. शिक्षकांना आपल्या कथेचे एकही वाक्य आठवेना. पत्रातल्या चार ओळी मात्र तोंडपाठ निघाल्या. त्या रात्री माळ्यावर अडकलेल्या सात जणांना शेजारच्या आजींनी भिजलेले पोहे मुठीमुठीने वाटले होते, आणि स्वतःची मूठ काढायला त्या विसरल्या होत्या. नवी कथा त्या पोह्यांपासून सुरू झाली.

ती त्यांनी तीन ठिकाणी पाठवली. पोच आली नाही, नकारही आला नाही. या मौनापुढे जुने पत्र त्यांना सौजन्याचे वाटू लागले आहे. कोणीतरी कथा शेवटपर्यंत वाचली होती, एवढे तरी त्यातून निश्चित होत होते. मुलांच्या निबंधांखाली ते पूर्वी ‘ठीक’ एवढेच लिहीत. आता चार ओळी लिहितात.