सीताबर्डीच्या पायथ्याशी नगाऱ्याचा मान

नागपूरच्या धंतोलीत आज रुग्णालयांची दाटी आहे. औषधांची दुकाने, रुग्णवाहिका आणि चिंताग्रस्त नातेवाइकांची ये-जा यांतच या वस्तीचा दिवस सरतो. येथून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर सीताबर्डीची टेकडी व तिच्यावरील किल्ला दिसतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व इंग्रज यांची लढाई येथेच झाली. अरब शिपायांनी धाकटी टेकडी काबीज केली होती. परंतु कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली घोडदळाने मैदानात मुसंडी मारली आणि पारडे फिरले.

घोडदळ म्हटले की तलवार व भाला डोळ्यांपुढे येतात. परंतु सर्वांत नटलेला स्वार असे तो नगारेवाला. घोड्याच्या दोन्ही बाजूंना धातूचे दोन नगारे आणि त्यांवर भरजरी आच्छादन. दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले, म्हणून घोडा आवरायचा तो पायांनी. लंडनच्या राजरक्षक घोडदळात ही रीत आजही पाहावयास मिळते. तेथील चांदीच्या नगाऱ्यांपैकी काही राजा चौथा विल्यम याने १८३१ साली दिलेले आहेत. राजासमोर जाताना नगारेवाला सोनेरी जरीचा अंगरखा व मखमली टोपी घालतो. गंमत अशी की, हे वाद्य युरोपात गेले ते पूर्वेकडूनच. अरबी ‘नक्कारा’ या शब्दापासून आपला ‘नगारा’ आला, तसाच जुन्या इंग्रजीतील ‘नेकर’ही.

मराठेशाहीत जरीपटका आणि नगारा हे सरदाराला मिळणारे मान होते. ते कोणी आपल्या मर्जीने मिरवू शकत नसे. नगारेवाल्याचा थाट हा त्याचा स्वतःचा नव्हे. ज्या सत्तेचा नगारा, तिचा तो थाट. सत्ता गेली की घोडा केवळ जनावर उरतो आणि नगारा केवळ तांबे-पितळ.

हे नागपूरने प्रत्यक्ष पाहिले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. पुढे राजवाड्यातील हत्ती, घोडे व बैल याच सीताबर्डीच्या बाजारात कवडीमोलाने लिलावात निघाले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. जनावरांची किंमत वहीत जमा झाली. मानासाठी मात्र त्या वहीत रकाना नव्हता.

मान धनी बदलतो, तसा त्याचा अर्थही बदलतो. १७७३ साली उभारलेल्या अंगरक्षक दलाला १९२३ मध्ये व्हाइसरॉयकडून चांदीचे कर्णे व त्यांची निशाणे मिळाली. १४ मे १९५७ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ती स्वतंत्र भारताच्या वतीने नव्याने दिली. इकडे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात नगारा आणि अश्व दोन्ही आजही असतात. त्यांच्यामागे सैन्य नसते, वारकरी असतात.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असला, तरी २६ जानेवारी व १५ ऑगस्टला तो लोकांसाठी खुला होतो. धंतोलीतून तेथवर पायी जाता येते. वर उभे राहून खालच्या गजबजाटाकडे पाहताना, या मातीत काय काय लिलावात गेले आणि काय विकले गेले नाही, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.