किक बसायच्या आधी

फुटबॉलमध्ये लांब बॉल अडवायचा म्हणजे पहिला हेड आपला झाला पाहिजे, असं मी कितीतरी वर्षं पोरांना शिकवत आलो. स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, उंच हवा, अंगापिंडानं मजबूत हवा, उडी घेताना कोपर लागलं तरी न हटणारा हवा. बाकी सगळं त्यानंतर. आता मी तसं शिकवत नाही. लांब बॉलचा बचाव डोक्यानं होतो हे मला पटेनासं झालं आहे. हा बचाव बॉल मारणाऱ्याच्या पायापाशी सुरू होतो, आणि निम्म्याहून अधिक तिथेच ठरतो.

जुनं मत माझ्या एकट्याचं नव्हतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा या संघांचे सामने बघत वाढलेल्या कुणालाही ते आपसूक येतं. वरून आलेला बॉल स्टॉपरनं कपाळावर घेऊन परत फिरवला की अख्खी पेठ उठून उभी राहते. त्या आवाजात मोठं झालेल्या पोराला बचाव म्हणजे तीच उडी वाटणार. त्यात आमची सरावाची मैदानं कडक. बॉलला एक टप्पा पडू दिला तर तो बॅकच्या डोक्यावरून जातो आणि मग मागे फक्त गोलकीपर उरतो. ‘टप्पा पडू द्यायचा नाही’ हे मी आजही शिकवतो, त्यात काही बदललेलं नाही.

मन फिरलं ते दोन प्रसिद्ध गोल पुन्हा पुन्हा बघताना. पहिला २०१४च्या विश्वचषकातला, साल्वादोरला स्पेनविरुद्ध नेदरलँड्सचा. रॉबिन व्हॅन पर्सीनं झेपावून मारलेला तो हेडर सगळ्यांना आठवतो. पण पोरांना मी व्हिडिओ त्याच्याआधी थांबवतो, डॅली ब्लिंड डावीकडे बॉल घेऊन मान वर करतो तिथे. त्याच्या अंगावर कुणी नाही. स्पेनचे बॅक पुढे चढून आडव्या रेषेत उभे आहेत आणि त्यांच्या मागे मोठी रिकामी जागा आहे. ब्लिंडला बघायला वेळ मिळाला, पाय मागे घ्यायला वेळ मिळाला, आणि गोल तिथेच तयार झाला. उत्तरार्धात त्याच ब्लिंडच्या तसल्याच लांब पासवर रॉबेननंही गोल केला. सामना ५-१ संपला. दुसरा गोल १९९८चा, मार्सेयमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध. सामना संपायला आला असताना डेनिस बर्गकँपनं बॉल हवेतून पायावर झेलला, आयालाला चकवलं आणि गोल मारला. त्या पायाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण बॉल पाठवणाऱ्या फ्रँक डी बोअरला कुणी अडवलं होतं का, हे बघा.

इटलीतले प्रशिक्षक हे फार आधीपासून सांगत आले आहेत. बॉल असलेल्या खेळाडूवर दाब आहे की तो मोकळा आहे, यावर सगळ्या बचावफळीनं पुढे यायचं की मागे सरायचं ते ठरवायचं. अरिगो साक्कींच्या मिलाननं १९८९ आणि १९९०चा युरोपियन कप जिंकला तो अशाच चढत्या-उतरत्या फळीवर. लोकांनी त्यातली फक्त चढती फळी आणि ऑफसाइडचा सापळा उचलला. दाब नसताना चढलेली फळी म्हणजे मारणाऱ्याला दिलेलं आमंत्रण आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं आणि सरावाची मांडणीच बदलली.

आता पहिला धडा फॉरवर्डला. बॉल गेला की जवळच्यानं मारणाऱ्याकडे धावायचं. हिसकावता आला नाही तरी चालेल. त्याची मान खाली राहिली आणि पायाला झोका मिळाला नाही तरी काम झालं. दुसरा धडा बॅकला: बॉलकडे एकटक बघू नका, मारणाऱ्याचं अंग वाचा. त्यानं मान वर केली, एक मोठं पाऊल टाकून पाय मागे नेला, की किक बसायच्या आधीच सगळ्यांनी मागे सरायचं. त्यानं आपल्या गोलकडे पाठ केली किंवा बॉल मागे दिला, की सगळ्यांनी पुढे. उभं राहायचं ते अर्धं वळून, छाती सरळ पुढे करून नाही. छाती पुढे करून उभं राहिलेल्याला मागे धावायला आधी वळावं लागतं, आणि तेवढ्यात फॉरवर्ड निसटतो. उंच झेल पकडणारा फील्डर उलट्या पावलांनी मागे जात नाही. वळून, धावून, बॉल पडणार त्या जागी आधी पोचतो. क्रिकेट खेळलेल्या आमच्या पोरांना हे एका वाक्यात समजतं.

मग एकानं बॉलवर जायचं, त्याच्या जोडीदारानं थोडं मागे राहायचं, बाजूच्या बॅकनी आत सरकायचं. गोलकीपरनं गोलरेषेवर चिकटून राहायचं नाही. २०१४लाच पोर्तो अलेग्रेमध्ये अल्जीरियाविरुद्ध मॅन्युएल नॉयर पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन पुन्हा पुन्हा बॉल साफ करत होता. जर्मनीची फळी पुढे चढून राहू शकली ती त्याच्या जिवावर.

आणखी एक गोष्ट कोल्हापुरातच नाही, सगळीकडे विसरली जाते. गोल किकवर ऑफसाइड नसतो. समोरच्या गोलकीपरनं बॉल जमिनीवर ठेवून मारला तर आमचे बॅक सवयीनं हात वर करून पुढे चढायचे आणि त्यांचा फॉरवर्ड मोकळा पळायचा. थ्रो-इनवरही तसंच. हा नियम मी आता नुसता सांगत नाही, सरावात खेळवून घेतो.

आणि दुसरा बॉल. याच्याबद्दल मी पूर्वी जवळजवळ बोलतच नव्हतो, आज सर्वांत जास्त बोलतो. हेड जिंकला तरी बॉल कुठेतरी पडतोच, आणि स्टॉपरच्या समोरच्या त्या जागेत आपला मिडफिल्डर नसेल तर जिंकलेला हेडसुद्धा समोरच्याला दिलेला पास ठरतो. चार्ल्स रीप नावाच्या इंग्रज गृहस्थानं १९५०पासून सामन्यांच्या नोंदी ठेवून लांब, थेट खेळाची बाजू मांडली. त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण जॅक चार्ल्टनचा आयर्लंड १९९०च्या विश्वचषकात निर्धारित वेळेत एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरीत पोचला, तो बॅकच्या मागे बॉल टाकून त्यांना वळायला लावत आणि मग त्यांच्यावर तुटून पडत. त्या खेळाला मी आडदांडपणा म्हणत असे. आता म्हणत नाही. त्यात नियोजन आहे, आणि त्याला उत्तरही नियोजनानंच द्यावं लागतं.

या सगळ्यामुळे संघात घ्यायची पोरंही बदलली. २००६ला विश्वचषक उचलणारा इटलीचा कप्तान फाबिओ कानावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा स्टॉपर होता, आणि त्याच वर्षी त्याला बॅलन डी’ओर मिळाला. पूर्वी असा मुलगा आला तर मी त्याला विंगवर पाठवला असता.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मारणाऱ्यावर दाब ठेवायला पाय लागतात, आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या सामन्यात उत्तरार्धात फॉरवर्डचे पाय संपतात. तेव्हा दाबाचा हट्ट सोडून अख्खा संघ मागे, एकमेकांजवळ आणावा असं माझं मत आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या तरुण प्रशिक्षकाला ते मान्य नाही. तो म्हणतो, बदली खेळाडू आधी उतरवा. यावर आमचा वाद चालू आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. २०१९मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट होते. कारण हेडिंगच, असं त्या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही. तरीही २०२०मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ११ वर्षांखालच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढलं. अमेरिकेनं १० वर्षं आणि त्याखालच्यांसाठी ते २०१५लाच बंद केलं होतं. आमच्या गल्लीतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना वरून येणारा बॉल मी आता हातांनी, कपाळासमोर झेलायला लावतो. पाऊल कुठे पडायला हवं, बॉल कुठे उतरणार, उडी कधी घ्यायची, हे सगळं ती तेवढ्यावर शिकतात. काही पालकांना हा सराव फुटबॉलचा वाटत नाही. त्यांना मी मैदानात बोलावून मुलांची पावलं बघायला सांगतो. आणि आमच्याकडच्या लहान गटाच्या स्पर्धांमध्ये हेडिंग बंद व्हावं, अशी मागणी मी संयोजकांकडे करत राहणार आहे.