देवघेव

कोरोनाच्या टाळेबंदीत बंद झालेली महाराष्ट्रातली ग्रंथालयं पुन्हा उघडायची परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबर 2020 पासून. हा डॉ. कलामांचा जन्मदिवस, म्हणजे आपला वाचन प्रेरणा दिन. मुहूर्त कोणी मुद्दाम काढला की आपसूक जुळून आला, देव जाणे. तोवर दारूची दुकानं उघडून पाच महिने होऊन गेले होते. मे महिन्यात बाटली घरपोचही येऊ लागली होती. दारूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मार्चअखेरीला लागलेलं कुलूप ऑक्टोबरात निघतं, याचा हिशेब कोकणातला माणूस वेगळा करतो. मधे अख्खा पावसाळा जातो.

आमच्याकडचा पावसाळा आणि पुस्तकं यांचं वैर जुनं आहे. खिडक्या न उघडलेल्या खोलीत आठवडाभरात कापडी बांधणीवर पांढरट बुरशी धरते, पानांना कुबट वास येतो, आणि कसर डिंकाचा माग काढत पुठ्ठ्यात शिरते. डांबरगोळ्या ठेवून फार तर मनाचं समाधान. खरा उपाय एकच, पुस्तक हलतं ठेवायचं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासून हे करत आलंय. आपल्याकडे रेल्वे यायच्याही पंचवीस वर्षं आधीपासून. 2020 मध्ये तर 3 जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं. रायगड आणि दापोलीच्या बाजूला कौलं उडाली, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशात बंद कपाटाची चौकशी कोण करणार?

आमच्या वाचनालयाची चौकशी ग्रंथपाल बाईंनी केली. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि किल्ली त्यांच्याकडेच असते. झाडलोटीच्या निमित्तानं त्या मागच्या दारानं आत जायच्या, खिडक्या उघडायच्या, कपाटातली पुस्तकं पुढची मागं, मागची पुढं करायच्या. एकदा जाता जाता शेजारच्या आजींसाठी दोन पुस्तकं पिशवीत टाकून नेली. मग आजींच्या मैत्रिणीचा फोन आला. महिन्याभरात मागच्या पडवीत एक टेबल आलं, त्यावर सभासदाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या कागदी पिशव्या. हे नियमात बसतं का, असं बाईंनी कोणाला विचारलं नाही. कार्यकारिणीनंही विचारलं नाही. सगळ्यांच्या घरी पिशव्या जात होत्या.

आमच्याकडे मुक्तद्वार पद्धत. सभासदानं आत जायचं, कपाटं धुंडाळायची, हवं ते काढायचं. आता निवड बाईंची. धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या एका गृहस्थांना गोनीदांचं ‘पडघवली’ आलं. त्यांनी फोनवर कुरकुर केली, आणि पुढच्या खेपेला ‘यांचंच अजून काही आहे का’ म्हणून विचारलं. मला एका मागोमाग तीन आत्मचरित्रं आली. मी मागितली नव्हती आणि पुढेही कधी मागितली नसती. आपल्या वाचनाच्या सवयीवर दुसऱ्या कोणाची इतकी बारीक नजर होती, हे कळून थोडं अवघडायलाही झालं.

परत आलेल्या पुस्तकांचा प्रश्न होताच. तेव्हा लोक वर्तमानपत्राला इस्त्री करत होते. बाईंनी पहिल्यांदा सॅनिटायझर फवारला, तर वाचनालयाचा जांभळा शिक्का फुटून नावाचा नुसता डाग उरला. मग त्यांनी फवारा ठेवून दिला. अभ्यासिकेच्या लांब टेबलावर पुस्तकं पापडासारखी सुटी सुटी पसरली, शेजारी खडूनं तारीख लिहिली, आणि तीन दिवस हात लावायचा नाही असं ठरवलं. त्याच सुमारास अमेरिकेत ग्रंथालयांसाठी याच्या रीतसर चाचण्या चालल्या होत्या. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडेनासा झाला, एकावर एक रचलेल्यांवर मात्र सहा दिवसांनीही त्याचा माग लागला. बाईंना हे अर्थातच ठाऊक नव्हतं. रचून ठेवलं की दमट धरतं, एवढं ठाऊक होतं.

इथवर सगळं छान आहे, आणि त्या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक इथंच थांबतात. पण पिशवी गेली ती ज्याचं नाव देवघेवीच्या रजिस्टरात आहे त्याच्याकडे. आमच्या वाचनालयात रोज येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी जन्मात पुस्तक घरी नेलेलं नाही. सकाळी साडेआठला येऊन चारही वर्तमानपत्रं शेवटच्या पानापासून वाचणारे निवृत्त कंडक्टर. सून घराबाहेर पडेपर्यंत पंख्याखाली बसणारे आजोबा. आणि अभ्यासिकेतली मुलं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला होती. ती पुढं ढकलली, मग पुन्हा, मग पुन्हा. मार्च 2021 मध्ये आणखी एकदा ढकलल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठं 21 मार्चला झाली. वर्षभर या मुलांनी अभ्यास कुठं केला असेल? त्यांच्याकडे पुस्तकं स्वतःची होती. वाचनालयाकडून त्यांना लागत होती ती फक्त बसायची सोय, आणि ती पिशवीत घालून देता येत नव्हती.

ऑगस्टमध्ये त्यातला एक जण पडवीत येऊन उभा राहिला. दोन खोल्यांचं घर, माणसं सहा, मुंबईहून आलेला भाऊ आणि त्याची बायको धरून.

‘मॅडम, माझी खुर्ची नेऊ का?’

खुर्ची काही त्याची नव्हती. पण खिडकीजवळची, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असलेली ती खुर्ची दोन वर्षं तोच वापरत होता. बाईंनी क्षणभर विचार केला. सामान बाहेर द्यायचं तर सचिवांची सही लागते, आणि सचिव तेव्हा घरातच विलगीकरणात होते. त्यांनी सरळ देवघेवीचं रजिस्टर ओढलं. दाखल क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ, पुस्तकाच्या नावाच्या जागी ‘खुर्ची, लाकडी, 1’, लेखक कोरा, परतीची तारीख कोरी. मुलानं सही केली आणि खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन पावसातून गेला.

आठवड्यानं ती घेऊन परत आला. पुठ्ठ्याची घडीही जपून आणली होती.

‘काय रे, मोडली का?’

‘नाही मॅडम. घरात ठेवायला जागा नाही.’